बरकत, दोन, तीन

गफूरभाईच्या उजव्या तळहातात देवानं, किंवा त्याच्या भाषेत अल्लामियाँनं, काटा बसवून पाठवला होता, असं मी सांगतो तेव्हा लोक हसतात. हसोत बापडे. आमच्या शेजारच्या सुनेचं पोर दवाखान्यातून घरी आलं आणि कौतुकानं याच्या हातात दिलं, तर लाडाचा एक शब्द न बोलता हा म्हणाला, "दोन किलो सातशे चाळीस." दवाखान्याच्या कागदावर होतं सातशे साठ. पोराच्या बापानं तो कागद नाचवत आणला. गफूरभाईनं पोराच्या डोक्यावरचं टोपडं काढलं, चिमटीत धरून तोललं आणि बापाच्या हातात ठेवत म्हणाला, "हे वीस ग्राम दुकानदाराचे. पोरगं तेवढंच हाय." तेव्हापासून त्या दवाखान्यात पोरं उघड्या डोक्यानं मोजतात म्हणे. म्हणे म्हणजे मीच म्हणतो, पण अजून कुणी खोडून काढलेलं नाही.

हा माणूस बाळापूरकडच्या एका जिनात तीस वर्षं काट्यावर होता. जीन म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायचा कारखाना. बैलगाडी फाटकातून आत शिरली की चाकाच्या आवाजावरून हा कापूस किती ओला आहे ते सांगायचा. पुढं बोंडअळीची वर्षं आली. अळीनं कापूस खाल्ला, कापसाच्या पाठोपाठ जीन खाल्लं, आणि जीन पचवून ढेकर दिला तो थेट अकोल्याच्या कापड लाइनीत माझ्या दुकानासमोर. एरवी दिवाळीत माझ्या दुकानाबाहेर चपलांचा असा ढीग पडायचा की माणसं एकमेकांच्या चपला घालून घरी जायची. त्या वर्षी दुकानात मी आणि पंखा. पंखाही फिरून फिरून माझ्याकडं बघायचा.

अशात माझा साळा प्रमोद अमरावतीहून आला. तिशीतला, कॉम्प्युटर शिकलेला, आणि जगात आपल्याखेरीज कुणाला काही कळत नाही याची पक्की खात्री असलेला. म्हणाला, "भाऊजी, गिऱ्हाईक दुकानात येत नसन, तं आपन गिऱ्हाइकाच्या मोबाइलमंधी जाऊ." आणि आम्ही गेलो. एका मोठ्या ऑनलाइन कंपनीवर बायकांचे सुती गाऊन विकायला लागलो. सहा महिन्यांत अशी अवस्था झाली की आसामातली बाई सकाळी दार उघडते ती अकोल्याच्या गाऊनमधे.

माल जात होता. पैसा मात्र कुठल्या वाटेनं येतो तेच कळेना. तीनशे नव्व्याण्णवला विकलेल्या गाऊनचे कधी दोनशे बारा यायचे, कधी एकशे सत्त्याऐंशी, आणि कधी उलटे आमच्याच खात्यातून चौसष्ट रुपये जायचे. कमिशन, कुरिअरचं भाडं, परत आलेल्या मालाचं भाडं, उशिराचा दंड. कंपनी दर आठवड्याला हिशोबाचा एक तक्ता पाठवायची. तो छापून अंथरला असता तर अकोल्याहून मूर्तिजापूरपर्यंत सतरंजी झाली असती. एका शिकलेल्या अकाउंटंटनं तो तीन दिवस पाहिला. चौथ्या दिवशी शेगावला दर्शनाला म्हणून गेला तो आजतागायत दर्शनच घेतोय.

तेव्हा मला गफूरभाई आठवला. जीन बंद पडून तो घरी बसला होता.

"गफूरभाई, कॉम्प्युटर येते काय?" मी विचारलं.

"नाई येत. पर तुमचा माल किती गेला, किती वापस आला अन् मधात किती उडाला, हे येते."

"उडाला म्हणजे?"

"सेठ, एक क्विंटल कापूस जिनात घातला का रुई निंगते, सरकी निंगते, अन् दोनेक किलोचा पत्ताच लागत नाई. त्याले घट मनते. मालक मने, घट मंजे गेलेला माल. मी मनो, गेला कुठी? हवेत हाय, भितीले हाय, माह्या नाकात हाय." आणि खात्री पटवायला म्हणून तो अर्धा मिनिट खोकला. "घट मंजे गेलेला माल नाई सेठ. आपल्याले न दिसलेला माल."

या एका वाक्यावर मी त्याला ठेवून घेतला.

रोज सकाळी तो बाळापूरहून यायचा. पांढरा पायजमा, पांढरा सदरा, भुवयाही पांढऱ्या. जीन सुटून दोन वर्षं झाली तरी त्या भुवयांत रुई अडकलेली आहे असं मी कित्येक दिवस समजत होतो. हिशोब तो उभ्यानं करायचा. काट्यावर तीस वर्षं उभा राहिलेला माणूस, खुर्ची दिली की त्याला आकडे दिसेनासे व्हायचे. प्रत्येक ऑर्डरसमोर वहीत दोन खुणा: माल गेला, पैसा आला. पैसा आला नसेल तर माल तरी परत आला पाहिजे. दोन खुणा होईपर्यंत पेन्सिल. मेळ बसला की त्यावरून पेन. त्याच्या कानावर पेन्सिल कायमची आणि पेन खिशात, टोपण लावून, लग्नातल्या दागिन्यासारखं जपलेलं.

त्यानं पहिलं युद्ध केलं ते वजनावरून. आमचा गाऊन पिशवीसकट तीनशे दहा ग्रॅम. कंपनीनं एका पार्सलाचं भाडं एक किलोच्या हिशोबानं कापलं. प्रमोद म्हणाला, सोडा, वीसपंचवीस रुपयांसाठी कोण भांडतं! गफूरभाईनं कंपनीला फोन लावला. तिकडं एक पोरगी होती, साखरेच्या पाकातून काढल्यासारखी बोलणारी.

"सर, हमारे सिस्टम में वजन एक किलो दिखा रहा है."

"बेटी, तुम्हारे यहाँ काँटे पे कौन बैठता है? उस को फोन दो."

"सर, काँटे पे कोई नहीं बैठता. मशीन है."

"तो मशीन को बोलो, ये गाऊन पानी में डुबाया तो भी एक किलो का नहीं होता. हम डुबा के देखे."

आणि खरोखर बुडवून पाहिला होता. गोदामाच्या मागं बादलीत. सहाशे चाळीस भरला. कोरडा गाऊन काट्यावर, ओला गाऊन काट्यावर, आणि ओला गाऊन पिळताना स्वतः गफूरभाई, असे तीन फोटो त्यानं प्रमोदकडून कंपनीला पाठवले. पैसे परत आले. पुढं असे वजनाचे दावे त्यानं इतके लावले की कंपनीत म्हणे आमच्यासाठी एक वेगळा माणूस नेमला, आणि त्या बिचाऱ्याचं लग्न जमेना, कारण स्वप्नात गाऊन यायचे.

परत आलेलं पार्सल तो उघडण्याआधी हातावर घ्यायचा. एकदा जम्मूकडून एक पार्सल आलं. तळहातावर ठेवून म्हणाला, "हा आपला नाई." उघडलं तर आत जुनं लोकरीचं स्वेटर, कोपरावर ठिगळ. प्रमोद शिव्या द्यायला लागला. गफूरभाईनं शांतपणे वहीत लिहिलं: 'गाऊन गेला, स्वेटर आला.' स्वेटर धुऊन वॉचमनला द्यावं म्हणून मी हात घातला, तर माझ्या हातावर फटका. "सेठ, दावा लागला नाई अजून. हा कंपनीचा पुरावा हाय." चार महिने ते स्वेटर गोदामात फळीवर पडून होतं, गळ्यात ऑर्डर नंबरची चिठ्ठी बांधून, जामीन न मिळालेल्या आरोपीसारखं.

गोदामात पार्सलं बांधायला सिंधूबाई होती. तिला गफूरभाईनंच आणलं. तिचा नवरा त्याच जिनात हमाल. जीन बंद पडल्यावर त्याला आठवड्यातून दोन दिवस काम मिळायचं, म्हणून घर तिच्याच रोजावर. हातानं इतकी चपळ, की गाऊन घडी घालतानाच स्वतःहून पिशवीत उडी मारतो असं वाटावं. तोंडानं त्याहून चपळ. गफूरभाईला चाचा म्हणायची आणि दिवसभर त्याची टिंगल करायची. "चाचा, तुमाले सासरवाडीनं पोरगी मोजून देल्ली का तशीच?" तो म्हणायचा, "मोजूनच घेतली. नंतर तिनंच माहं वजन केलं."

आता मुख्य गोष्ट सांगतो. इथं मी एकही थाप मारणार नाही, कारण गरज नाही.

अक्षयतृतीयेपासून प्रमोदनं गफूरभाईला कॉम्प्युटरवर बसवलं, म्हणजे उभं केलं. रोज किती माल बाहेर गेला ते एका तक्त्यात भरायचं: ऑर्डर नंबर, आणि पुढं नग. मराठी टायपिंगही त्यात बसवून दिलं होतं. गफूरभाई एका बोटानं, शत्रूच्या डोळ्यात बोट घालावं तसा, एकेक आकडा भरायचा. बेरीज कॉम्प्युटर करायचा. दसऱ्याआधी आम्ही गोदाम मोजलं. मोजणी झाल्यावर गफूरभाई माझ्यापुढं उभा राहिला.

"सेठ, पैशाचा मेळ हाय. मालाचा नाई. एकशे एकतीस गाऊन कमी हाय."

प्रमोदनं लगेच कॅलेंडर काढलं. रविवार आणि सण सोडून अक्षयतृतीयेपासून कामाचे दिवस भरले एकशे एकतीस. "रोज एक! भाऊजी, हे उंदराचं काम नाई. मानसाचं हाय." आणि त्यानं मान वळवून सिंधूबाईकडं पाहिलं. गोदामात दिवसभर असणारी ती एकटीच.

भर दुपारी, शटर उघडं. पार्सलं न्यायला आलेला कुरिअर गाडीचा दिलीप तिथं, चहावाला तिथं, शेजारचे दोन दुकानदार तिथं. प्रमोदचा आवाज रस्त्यापलीकडं गेला. मी काय केलं? मी चहा सांगितला. माणसाला काही सुचलं नाही की तो चहा सांगतो, आणि त्या दिवशीचा चहा मला अजून पचलेला नाही.

सिंधूबाई रडली नाही. "प्रमोदभाऊ, चला माह्या घरी. सासू माही लुगडं नेसते, मी साडी. एकशे एकतीस गाऊन कोन, माहा नवरा घालून राह्यला काय?" कुणी हसलं नाही. मग ती गफूरभाईकडं वळली. "चाचा, तुमी सांगा. तुमच्या हिशोबानं मी चोर हाय काय?"

"हिशोब मानसाचं नाव सांगत नाई, सिंधू. तो फकत कमी सांगते."

"मंग लोक काहून माहं नाव घेऊन राह्यले?"

ती चप्पल घालून गेली.

तीन दिवस ती आली नाही. तिच्या वस्तीत बातमी तिच्याआधी पोचली होती. नवऱ्याचं दोन दिवसांचं कामही गेलं, कारण चोराच्या घरचा हमाल कुणाला हवा? गफूरभाईनं त्या तीन दिवसांत अख्खी वही चार वेळा पेन्सिलीनं घासली. पैशाचा मेळ दर वेळी बसायचा. कॉम्प्युटरच्या बेरजेपुढं मालाचा बसायचा नाही. जेवणाचा डबा तो जसा आणायचा तसा परत न्यायचा.

चौथ्या दिवशी सिंधूबाई आली आणि आत न येता शटरपाशी उभी राहिली. "काम नोको मले. एक दिवसाचा माल माह्यासमोर मोजा. मी बांधतो, चाचा मोजते. मंग जे मनायचं ते मना."

मोजायला लागले. ती बांधायची, जमिनीवर खडूनं रेघ ओढायची. तो मोठ्यानं मोजायचा. आमच्याकडं बाजारात मापारी धान्य मोजताना पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाही. एक म्हटलं की संपत आल्यासारखं वाटतं, म्हणून कुणी लाभ म्हणतो, गफूरभाई बरकत म्हणायचा. "बरकत... दोन... तीन..." असं सत्तावीसपर्यंत. जमिनीवर रेघा सत्तावीस. मग तो कॉम्प्युटरपाशी गेला आणि एका बोटानं त्या दिवसाचे नग भरले. सिंधूबाई त्याच्या खांद्यावरून बघत होती. खाली बेरीज आली सव्वीस.

"चाचा, एक कुठी गेला?"

गफूरभाईनं बोट स्क्रीनवर ठेवलं आणि ओळीओळीनं वर नेत गेला. पहिल्या ओळीपाशी बोट थांबलं. तिथं आकडा नव्हता. तिथं लिहिलं होतं 'बरकत'.

तीस वर्षांची सवय. रोज पहिली ओळ तो मुद्दाम एका नगाचीच घ्यायचा आणि तिच्यापुढं एक न लिहिता बरकत लिहायचा. माणसानं वाचलं असतं तर एक धरलं असतं. कॉम्प्युटरला बरकत कशी मोजता येणार? त्यानं अक्षरं पाहिली आणि सोडून दिली. एकशे एकतीस दिवस, एकशे एकतीस बरकती. गोदामातून एक धागा चोरीला गेला नव्हता. माल गेला होता, गिऱ्हाइकानं नेला होता, पैसाही आला होता. फक्त तक्त्यात त्याचं जाणं उमटलं नव्हतं.

प्रमोद सुटल्यासारखा हसला. "एवढंच! मुनीमजी, खोडा ते, एक लिहा. कॉम्प्युटरची चूक झाली मनू. विषय खतम."

"कॉम्प्युटरची काहून मनू?" गफूरभाईचा आवाज मी तेवढा हलका कधी ऐकला नव्हता. "त्याले जेवढं देल्लं तेवढं त्यानं मोजलं. न देनारा मी हाय. घट मीच लिवली, अन् पोरीच्या पदराले बांधली."

तो सिंधूबाईपुढं उभा राहिला, पण माफी मागितली नाही. त्यानं पेन्सिल काढली. "सिंधू, कोनाकोनानं आयकलं? नावं सांग."

"जाऊ द्या चाचा."

"सांग मनतो ना."

तिनं नावं सांगितली. प्रमोद, मी, चहावाला, दोन दुकानदार, दिलीप, तिच्या नवऱ्याला काम देणारा अडत्या, गल्लीतल्या तीन बायका, आणि तिची सासू. अकरा. गफूरभाईनं वहीत एकाखाली एक लिहिली. मग कॉम्प्युटरमधून ते तक्ते छापून घेतले आणि निघाला.

बदनामीचा मेळ घालणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. प्रत्येकाकडं जायचा, कागद उलगडायचा, पहिल्या ओळीवर बोट ठेवायचा, सगळं सांगायचा. मग म्हणायचा, "आता तुमी सांगा, मी काय सांगतलं?" समोरच्यानं परत सांगितल्याशिवाय पेनाची खूण नाही. चहावाल्याकडं दोनदा दूध उतू गेलं, पण पाठ म्हणून घेतलाच. अडत्या म्हणाला, "समजलं, समजलं, या आता." गफूरभाई त्याच्या गादीवर बसून राहिला. उभ्यानं जगणारा हा माणूस तिथं दोन तास बसला. शेवटी अडत्यानं बोलून दाखवलं, आणि सिंधूबाईच्या नवऱ्याला कामावर बोलावलं, केवळ हा उठावा म्हणून. गल्लीतली एक बाई ऐकून म्हणाली, "मले तं आधीच माइत होतं, सिंधू तशी नाई." गफूरभाई म्हणाला, "बाई, मंग तवा काहून नाई बोलली?" आणि तिच्या नावापुढं पेनानं खूण केली, पण जरा बारीक.

माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो, "गफूरभाई, माह्यासमोरच तं झालं सगळं."

"समोर पोरीले चोर बी मनलं होतं, सेठ. तवा तुमी चहा सांगतला. आता हे सांगा."

मी सांगितलं. शाळेत पाढे म्हणावे तसं, उभं राहून.

दहा झाले. अकरावा दिलीप. त्याची तोवर बदली झाली होती, अमरावतीजवळ भातकुलीच्या लाइनवर. मी म्हटलं, फोन लावून देतो. नाही म्हणाला. "फोनवर मानूस हो हो करते अन् विसरते. समोर बसला तं त्याले परत सांगा लागते."

सिंधूबाई म्हणाली, "चाचा, राहू द्या ना आता. दहा झाले. लय झाले."

तो वही मिटत म्हणाला, "एका नगानंच तं हे सारं झालं, बेटी."

दिलीपला तो भेटला, त्याच्याकडून म्हणून घेतलं, असा निरोप संध्याकाळी आला. दुसऱ्या सकाळी सिंधूबाई कामावर आली. गफूरभाई आला नाही. त्यानं कुणाबरोबर तरी वही पाठवली, अकरा खुणांची, आणि निरोप दिला की आजपासून नग सिंधू मोजेल. ज्याच्या मापानं माणूस उणा पडला त्यानं काट्यावर उभं राहू नये. मी दोनदा बाळापूरला गेलो, हातापाया पडलो, जिलबी नेली. जिलबी त्यानं घेतली. पुढं लेकीकडं बऱ्हाणपूरला गेला, आणि तिकडूनच एक दिवस त्याच्या जाण्याची खबर आली.

म्हणजे कामावर असलेला गफूरभाई मी शेवटचा पाहिला तो भातकुलीला निघाला त्या सकाळीच. मीच त्याला स्कूटरवरून अकोल्याच्या स्टँडवर सोडलं. अमरावतीची गाडी लागलेली. तो खिडकीशी बसला, मांडीवर घडी केलेले कागद. कंडक्टर तिकीट द्यायला आला. मी खाली उभा, गाडी कधी हलते ते बघत होतो. पाहतो तर यानं कागद उलगडलेले, पहिल्या ओळीवर बोट, आणि कंडक्टर तिकिटाचं मशीन पोटाशी धरून वाकलेला.

मी खिडकीवर थाप मारली. "गफूरभाई! त्याले कायले सांगून राह्यले? त्यानं तं आयकलंच नव्हतं!"

ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. गफूरभाईनं खिडकीतून मान बाहेर काढली, पांढऱ्या भुवया वाऱ्यानं उभ्या राहिलेल्या.

"मनूनच सांगतो, सेठ! उद्या याले कोनी उलटं सांगतलं तं?"

आणि गाडी हलताना मला ऐकू आलं ते एवढंच, की मान आत घेऊन तो कंडक्टरला म्हणत होता, "हं, आता तुमी सांगा, मी काय सांगतलं?"